कात्रीची खूण

मी फक्त दोन बोटं हलवली होती. तर्जनी आणि मधलं बोट, कात्रीसारखी, एकदा उघडून मिटलेली. चिंचेरोचा रविवारचा बाजार. (नावात चिंच आहे म्हणून पेरूच्या नकाशावरचं हे एकच गाव मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.) समोर जमिनीवर एक म्हातारी बसलेली, तिच्यापुढे प्लास्टिकच्या कागदावर घड्या रचलेल्या, आणि माझ्या हातात तिच्या मागावरची एक लिक्ल्या. लिक्ल्या म्हणजे तिकडच्या बायका खांद्यांवरून घेऊन पुढे पिनेने अडकवतात ते चौकोनी लोकरी वस्त्र. पाठीला पोर बांधायला तेच, बाजारातून बटाटे आणायला तेच, थंडीलाही तेच. गडद लाल पट्टे, मधूनमधून बारीक नक्षीच्या उभ्या ओळी, हाताला जाड आणि किंचित खरखरीत, चुलीच्या धुराचा वास असलेलं. मी ते वितीने मोजलं. घरच्या सोफ्यावर चार कुशनं आहेत, त्यांची कव्हरं विटली आहेत, एवढ्यात चार सहज निघतील, असा हिशेब मनात झाला आणि तो मी मोठ्याने बोलूनही दाखवला. आमचा वाटाड्या कुस्कोचाच, तिशीतला मुलगा. त्याने तो हिशेब तिला सांगितलाच नाही, नुसता हसला. म्हणून मीच सांगितला, दोन बोटांनी.

तिने माझ्या हातातलं कापड काढून घेतलं. हिसकावलं नाही, झोपलेलं मूल आपण एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतो तसं घेतलं. चौघडी केली आणि आपल्या गुडघ्याखाली सरकवली. मग मागच्या ढिगातून दुसरं एक ओढलं, भडक गुलाबी, यंत्रावरचं, बोटांत चुरचुरणारं अॅक्रिलिक. ते माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्याकडे बघत तिने तीच खूण केली. दोन बोटं, उघडून मिटलेली. शेजारच्या दोघी खळखळून हसल्या. मीही हसले. नवऱ्याने नेमका तेवढ्यात फोटो काढला, आणि त्या फोटोत का कोण जाणे, मी एकटीच हसताना दिसते.

हे काप. ते नाही.

त्या रात्री कुस्कोत झोप लागली नाही. त्यात उंचीचाही वाटा होता. ३,४०० मीटरवर नुसती कूस बदलली तरी जिना चढल्यासारखी धाप लागते, आणि कोकाच्या पानांचा चहा कितीही प्यायला तरी त्याला वाळल्या गवताचीच चव येते. पण डोक्यात ती चौघडी होती. अपमान झाला म्हणावं तर बाईने काही केलंच नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे माल बदलून दिला, इतकंच. तरी आपण कुणाच्या घरात चपलांसकट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो आणि घरच्या बाईने अवाक्षर न काढता पायांखाली एक पोतं सरकवलं, तसं काहीसं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी वाटाड्याला विचारलं, की माझं चुकलं काय. त्याने उत्तर दिलं नाही. पिशवीतून पाव गुंडाळलेलं एक लहानसं कापड काढलं, पाव नवऱ्याच्या हातात दिले, कापड झटकून माझ्याकडे दिलं. आजीने विणलेलं आहे म्हणाला, आणि याची कापलेली कड शोधून दाखवा. मी चष्मा लावून बसले. डावी, उजवी, वरची, खालची. दशा नाहीत, दुमड घालून शिवलेलं नाही, कुठेही धागा तुटलेला नाही. चारही बाजूंना काठ. आपल्या साडीला दोन काठ असतात. उरलेल्या दोन बाजू मागावरून कापून काढलेल्या असतात, म्हणून तर पदराला गोंडे बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला दुमड घालायची. एका लांब ताण्यावर एकामागून एक साड्या निघतात आणि प्रत्येक साडी कापल्यावरच वेगळी होते. त्यांच्याकडे ताणाच एका कापडापुरता. दोन काठ्यांभोवती धागा जातो, वळसा घेतो, परत येतो. तो कुठेच तोडायचा नाही. मागाचं एक टोक खुंटाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे वाकली की सैल. थोडं एका बाजूने विणायचं, मग माग फिरवून दुसऱ्या बाजूने विणत यायचं, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही विणी भेटवायच्या. कापड संपतं तेव्हा ते पुरं झालेलं असतं, आणि तेवढंच होणार हे पहिला धागा लावतानाच ठरलेलं असतं.

आपल्या भाषेत कापड बेततात. शिंपी आधी कापड बघतो, मग माणूस बघतो, मग बेततो, आणि बेतलं की कापतो. मनातल्या योजनेलाही आपण बेतच म्हणतो. या दोन्हींत कात्री किती सहज येऊन बसली आहे, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पावाचा भुगा पडलेल्या त्या कापडाकडे बघताना लक्षात आलं.

आता स्वतःची बाजूही मांडायला हवी. मी कात्रीच्या घरातच वाढले. आई शिवणकाम करायची, आणि तिची मोठी काळी कात्री हे घरातलं एकमेव हत्यार होतं ज्याला हात लावला तर मार मिळे. कागदाला लावलेली तिला दुरून ऐकू यायची. आमच्याकडे कापड कापणं म्हणजे त्याचा अवमान नव्हता, उलट त्याचं आयुष्य वाढवणं होतं. नऊवारीचं जीर्ण लुगडं आधी गोधडीत जाई, धडधाकट राहिलेल्या भागाचं झबलं होई, झबल्याचं दुपटं, दुपट्याचं फडकं, आणि फडकं विरेपर्यंत कुणी ते टाकत नसे. त्यामुळे त्या म्हातारीच्या गुडघ्याखाली गेलेल्या घडीने मला दोन्हीकडून टोचलं. मी तिच्या कापडाशी उद्धटपणा केला हे खरं. पण मी त्याला माझ्या घरात जागा देत होते, माझ्या घरच्या रीतीने, हेही खरं. ते तिला कुठल्या बोटांनी सांगायचं?

तिथून पुढच्या प्रवासात मला जिथेतिथे कात्रीच दिसू लागली. म्हणजे तिचं नसणं दिसू लागलं. इंका पुरुष घालत तो अंगरखा, उंकू, म्हणजे मधोमध डोकं घालायला चीर असलेलं आणि बाजूंना शिवलेलं एक आयत. ती चीरही कापलेली नसते. विणतानाच धागे तिथे थांबवून परत फिरवलेले असतात, कापडाला गळा जन्मतःच असतो. त्याहून जुन्या, नास्का आणि वारी काळातल्या काही वस्त्रांत पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराचे रंगीत तुकडे जोडलेले दिसतात. लांबून वाटतं, चिंध्या कापून गोधडीसारखे जोडले असतील. जवळून पाहिलं तर पायरीच्या प्रत्येक कोपऱ्याला स्वतःचा काठ आहे. त्यासाठी आधी मागावर तात्पुरते धागे ताणायचे, त्यांच्या आधाराने रंगीत धागे पायरीच्या आकारात वळवायचे, वीण झाली की आधाराचे धागे ओढून काढायचे. इमारत झाली की बांधकामाची परांची उतरवतात तसं. दोन घाव घातले असते तर मिळाला असता असा कोपरा मिळवायला केवढा हा व्याप! आणि धारदार काही नव्हतं म्हणून नव्हे. ज्वालाकाचेची पाती होती, तांब्याच्या सुऱ्या होत्या. कापायला येत होतं. कापड कापत नसत.

मी मात्र गेले होते खुणांचे अर्थ गोळा करायला. प्रवासाआधी वही घेतली होती, तिच्यात दोन रकाने आखले होते: नक्षी आणि अर्थ. पर्यटकांना हे अर्थ तिथे भरपूर मिळतात. नागमोडी रेघ म्हणजे नदी, चौकटीचा शंकरपाळा म्हणजे तळं, हा पुमाचा पंजा, हा तारा. साप खालच्या जगाचा, पुमा या जगाचा, कोंडोर गिधाड वरच्या जगाचं, हे तर विमानतळावरच्या पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी त्याच क्रमाने सांगितलं. खालचं, मधलं, वरचं, तीन जगं आणि तीन प्राणी. माझ्या रकान्यांत ते फार सुरेख बसलं, आणि म्हणूनच मला ते हळूहळू संशयास्पद वाटायला लागलं. चिंचेरोतल्या बायकांना नक्षीचं नाव विचारलं की त्या नाव सांगत. लोरायपू, ही त्यांच्या गावाची खास ओळख, एकात एक अडकलेल्या वळणांची. म्हणजे काय, असं विचारलं की परत तेच नाव सांगत, जरा सावकाश, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांगतात तसं.

त्यांच्या शब्दांनी मात्र वहीपेक्षा जास्त दिलं. केचुआत, म्हणजे त्यांच्या भाषेत, कापडावरच्या नक्षीला पल्याय म्हणतात, आणि पल्याय म्हणजे वेचणं. शेतातलं पीक वेचायचं तेच हे वेचणं. विणताना ताण्यातले हवे ते धागे बोटांनी उचलायचे, नको ते खाली सोडायचे, लामाच्या हाडाच्या टोकदार हत्याराने ओळ ठोकून बसवायची, पुढची ओळ वेचायची. आणि नक्षीच्या दोन पट्ट्यांमधलं जे साधं, एकरंगी कापड राहतं, त्याला म्हणतात पम्पा. म्हणजे मोकळं माळरान. एवढं समजल्यावर ती लिक्ल्या मला पुन्हा दिसली. लाल माळ, त्यातून जाणारे वेचणीचे वाफे, पुन्हा माळ. उत्तर चिलीतल्या इस्लुगा गावच्या आयमारा लोकांच्या धान्याच्या पिशव्यांवर वेरोनिका सेरेसेदा या अभ्यासिकेने १९७०च्या दशकात काम केलं. त्या पिशव्यांवर चित्र कसलंच नसतं, नुसते तपकिरी, पांढरे, काळे पट्टे. पण मधल्या पट्ट्याला तिथे चुय्मा म्हणतात, काळीज. त्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्यांच्या जोड्या, आरशात बघितल्यासारख्या. पिशवीच्या उघड्या बाजूला तोंड म्हणतात. ज्याला काळीज आहे आणि तोंड आहे, त्याला आपण वीत लावून चार तुकडे करायला निघालो होतो.

रकान्यांची वही मी तिथेच मिटली.

लिमाच्या संग्रहालयात पाराकासची वस्त्रं ठेवलेल्या दालनात जवळजवळ अंधार असतो. रंग उडू नयेत म्हणून दिवे मंद. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग काचेमागून लाल, हिरवा, मोहरीचा पिवळा असे वर येतात की आपण नकळत मागे सरकतो. दोन हजार वर्षांचे रंग. हुलिओ तेयो, स्वतः डोंगरातल्या केचुआ बोलणाऱ्या घरात वाढलेला पुरातत्त्वज्ञ. त्याच्या चमूला १९२७ साली पाराकासच्या वाळवंटी द्वीपकल्पावर वारी कायान इथे ४२९ गाठोडी सापडली. प्रत्येक गाठोड्यात गुडघे छातीशी घेऊन बसवलेलं एक माणूस, आणि त्याच्याभोवती कापड, त्यावर कापड, त्यावर कापड. मोठ्या माणसांच्या गाठोड्यांत भरतकामाच्या शाली, आपल्या दुहेरी पलंगाच्या पलंगपोसाएवढ्या. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशी ती वाळू, तिने सगळं सांभाळलं.

एका शालीपुढे मी बराच वेळ उभी होते. तिच्यावर एकच आकृती पुन्हापुन्हा भरलेली. माणूस, पण पाठीत मागे वाकलेला, मान खाली लटकलेली, केस मोकळे, जणू पडतो आहे किंवा उडतो आहे किंवा पोहतो आहे. कुणी म्हणतं हा अंगात आलेला भगत, कुणी म्हणतं हा पूर्वज होऊ घातलेला मेलेला माणूस. आपल्याकडे वाऱ्यात आलेली बाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती मान ओळखीची वाटेल, निदान मला वाटली. अर्थात माझ्या वाटण्यावर पाराकासचं काही ठरत नाही. जास्त गुंतवलं ते रंगांनी. आकृती एकच, पण एकीचा सदरा लाल तर शेजारणीचा हिरवा, तिसरीचा निळा. डोळा आडवा नेला तर गोंधळ उडतो. तिरका नेला की एकदम उलगडतं. तिरप्या ओळीत त्याच रंगाच्या आकृती उतरत जातात, पायरी पायरीने, शालभर. भरणारणीने ओळ सरळ घेतलेली आहे आणि हिशेब तिरका ठेवलेला आहे. या शालींतल्या काही अर्ध्यावर राहिलेल्या आहेत. कडेच्या आकृतींची नुसती बाह्यरेघ टाचलेली, आत भरलेलंच नाही. ज्याच्यासाठी भरत होत्या तो थांबला नसणार. अर्धवट शाल तशीच त्याच्यासोबत वाळूत गेली.

आणि इथेही कात्री भेटलीच. थडगी लुटणाऱ्यांनी आणि पुढे व्यापाऱ्यांनी अँडीजमधली कितीतरी कापडं तुकडे करून विकली. एक अख्खी शाल विकण्यापेक्षा एकेक आकृती चौकटीत घालून विकली की पैसे जास्त. त्यामुळे जगभरच्या संग्रहांत पोस्टाच्या तिकिटांसारख्या एकट्या पडलेल्या आकृती आहेत. त्यांच्यावर शिंग, साप, हातात धरलेलं मुंडकं, सगळं नीट दिसतं. तिरकी ओळ दिसत नाही. ती शेजारच्या तुकड्याबरोबर दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर गेली.

त्याच दालनापुढे वारी लोकांचा एक अंगरखा होता, तेराचौदाशे वर्षांपूर्वीचा. त्यावर चेहरा आणि पायऱ्यांचं वळण अशी जोडी पुन्हापुन्हा येते. मधल्या रांगांत चेहरा ऐसपैस आहे, पण कुशीकडच्या बाजूला येता येता तो अरुंद होत जातो, शेवटी इतका दाबला जातो की नुसती उभी रेघ उरावी. नुकताच मधला चेहरा पाहिलेला असतो म्हणून ती रेघ चेहरा आहे हे कळतं. नवरा म्हणाला, लोकलच्या दारातले लोक आहेत हे. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण आजही त्या अंगरख्याची आठवण काढली की मला आधी दारात लटकलेली माणसंच दिसतात.

इंकांविषयी शाळेत आपण सोनं शिकलो. खोलीभर सोनं देऊनही राजाला मारलं, ही गोष्ट. कापडाची गोष्ट कुणी सांगितली नाही. १५३२ साली पेरूतल्या काहामार्का गावी स्पॅनिश सेनापती पिझारोचे लोक पोचले तेव्हा त्यांना छपरापर्यंत कापडांचे गठ्ठे रचलेली कोठारं दिसली, असं पिझारोचा लेखनिक फ्रान्सिस्को दे हेरेस लिहून गेला आहे. हव्या तेवढ्या गठ्ठ्यांवर त्यांनी हात मारला, तरी कोठारात खळगा पडल्यासारखं दिसेना. त्या राज्यात सैनिकाला कापड मिळे, जिंकलेल्या मुलखातल्या सरदाराला राजाकडून कापड मिळे, देवापुढे कापड जाळलं जाई. सरदाराने ते उंची वस्त्र अंगावर घेतलं की तो मिंधा झाला. लग्नात आहेर घेताना आपल्याकडची वडीलधारी माणसं एक क्षण का थांबतात, हे ज्याला माहीत आहे त्याला हे राजकारण वेगळं समजवावं लागणार नाही. पुढे स्पॅनिशांपुढून माघार घेताना इंका सैन्य कापडाची कोठारं पेटवत गेलं. सोनं नेलं तर नेलं.

त्या काळचा एक उंकू आज वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संग्रहात आहे. मी त्याचे फोटोच पाहिलेत, पण इतके की तो मला घरातल्यासारखा झाला आहे. पुढून-मागून मिळून ३१२ चौकटी, प्रत्येकीत एक भूमितीची नक्षी, नक्षीचे प्रकार २३. या चौकटींना तोकापू म्हणतात. ही लिपीच आहे असं मानून ती वाचल्याचा दावा काहींनी केला, पण ते वाचन बाकीच्या अभ्यासकांच्या गळी उतरलं नाही. एक चौकट मात्र कुणालाही वाचता येते. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट, वर गळ्याशी लाल त्रिकोण. हा इंका सैनिकाचा अंगरखा. काहामार्काच्या चौकात बुद्धिबळाच्या पटासारखे कपडे घातलेली माणसं पुढे आली, असंही हेरेसने लिहिलं आहे. म्हणजे राजाच्या अंगरख्यावर एवढ्याशा चौकटीत सैनिकाचा अख्खा अंगरखा विणलेला. कपड्यावर कपड्याचं चित्र. बाकीच्या चौकटी कुणाकुणाचे कपडे, कुणाकुणाचे मुलूख असतील, हा विचार करत मी कितीदा तो फोटो मोठा करून पाहिला आहे, आणि दर वेळी तो एका मर्यादेनंतर नुसता ठिपके ठिपके होतो.

१७८० मध्ये, स्वतःला इंकांचा वंशज म्हणवणाऱ्या दुसऱ्या तुपाक अमारूने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केलं. पुढच्या वर्षी कुस्कोच्या चौकात चार घोडे लावून त्याला फाडायचा प्रयत्न झाला, आणि त्याच शिक्षेच्या हुकमात इंका पद्धतीचे कपडे घालायलाही बंदी आली. ज्याने हुकूम लिहिला त्याला कापड वाचता येत होतं म्हणायचं. कुस्कोच्या आसपास आजही काही गावांत घोडे आणि मध्ये माणूस अशी नक्षी विणतात, आणि तिचं नावच तुपाक अमारू. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही आपली म्हण मी नवऱ्याला ऐकवली तेव्हा वाटाड्याने तिचा अर्थ विचारला. समजल्यावर त्याने बराच वेळ मान डोलवली. मग म्हणाला, पण पीळ कुठला, उजवा की डावा? मला वाटलं थट्टा करतो आहे. तसं नव्हतं. त्यांच्याकडे रोजचा दोरा एका बाजूने पिळतात. उलट्या पिळाच्या दोऱ्याला य्योके म्हणतात, म्हणजे डावा, आणि तो राखणीचा. कापडाच्या कडेला घालतात, आजारी माणसाच्या मनगटाला बांधतात. ही खूण कशाचंच चित्र नाही. लांबून दिसतही नाही. हातात घेऊन, उजेडाकडे धरून, धागा थोडा उलगडला तर कळते.

हुआका प्रिएताच्या कापडाची गोष्ट मला अशीच, न दिसणाऱ्याची वाटते. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रालगतचा हा ढिगारा ज्युनियस बर्ड याने १९४६-४७ मध्ये खणला. राखेत आणि कचऱ्यात सुती कापडाचे हजारो तुकडे निघाले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, मातकट, एकरंगी, नजर ठरू नये असे. रंग गेलेला, नक्षी नाही. बर्डने एकेक उभा धागा भिंगाखाली धरून त्याची वाट कागदावर उतरवली. कुठे डावीकडे सरकला, कुठे उजवीकडे. अशा हजारो वाटा मांडल्यावर कागदावर पंख पसरलेला कोंडोर उमटला, आणि त्याच्या पोटात साप. कापडाकडे बघितलं तर आजही काही दिसत नाही. कोंडोर धाग्यांच्या वागण्यात आहे. त्याच ढिगाऱ्यातले त्याहून जुने, सहा हजार वर्षांपूर्वीचे काही तुकडे पुढे धुतले तेव्हा त्यांतून निळा रंग वर आला, आणि तपासल्यावर ती नीळ निघाली. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पांढऱ्या कपड्यांना नीळ घालताना बालदीत हात बुडवलेल्या मला त्या धुणाऱ्या हातांचा फार हेवा वाटला.

परतीच्या आधी पुन्हा रविवार आला, आणि मी नवऱ्याला चिंचेरोला ओढत नेलं. ती त्याच जागी होती. मला पाहिल्याबरोबर तिने भुवया उंचावून दोन बोटं वर केली. शेजारणी तयारच होत्या हसायला. मी जोरात मान हलवली, नाही, नाही. वाटाड्या काहीतरी बोलला; तो तिला ‘ममाय’ म्हणत होता, आणि तेवढ्या एका शब्दाला मला दुभाषा लागला नाही. तिने गुडघा उचलला. म्हणजे घडी तिथे नव्हती अर्थात, आठवडा गेला होता, ती गठ्ठ्यातून काढली. पण माझ्या आठवणीत ती गुडघ्याखालूनच निघते. किंमत सांगितली, मी घासाघीस केली नाही. पैसे मोजून घेतल्यावर तिने कापड माझ्या हातात न देता माझ्या खांद्यांवर टाकलं, मागून दोनदा ओढून नीट केलं, पुढे स्वतःच्या पदराची, म्हणजे स्वतःच्या लिक्ल्याची सेफ्टी पिन काढून मला लावली. लिक्ल्या दोन सारख्या पट्ट्या विणून मध्ये जोडलेली असते. तो सांधा तिने अंगठ्याने चाचपून माझ्या मणक्यावर आणला. मग पाठीवर एक थाप मारली. ती आशीर्वादाची होती की माल खपल्याची, मला ठरवता आलं नाही. दोन्हींची असेल.

पुण्यात आल्यावर दोन महिने ती कपाटात होती. सोफ्यावर टाकावी तर पाहुणे टेकणार, भिंतीवर लावावी तर त्या चौकटीतल्या आकृती आठवतात, अंगावर घ्यावी तर इथे कुठली थंडी. शेवटी आई आली राहायला, तेव्हा काढली. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे, तिचं मशीन बंद झालं, डोळेही मऊ पडले. तिने कापड मांडीवर घेतलं आणि काही विचारायच्या आत उलटं केलं. पैठणी हातात आली की ती हेच करते. सुलटी बाजू कुणीही नटवेल, म्हणते, पालथी बघावी. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा मोर मागूनही मोरच असतो. पालथ्या बाजूला तीच नक्षी होती, फक्त रंगांची अदलाबदल झालेली, लालाच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी लाल.

“अगं, याला दुमड कुठेय?” आईने विचारलं. “दशा कापल्या की काय त्यांनी?”

कापलंच नाही कुठे, म्हटलं, दोन्ही टोकांकडून विणत आणतात. तिचा विश्वास बसला नाही. चारही काठांवरून तिने अंगठा फिरवला, कोपरे दाबून पाहिले, पुन्हा फिरवला. मग नक्षीच्या एका पट्टीवरून बोट हळूहळू खाली नेत राहिली, बसमध्ये खिडकीच्या काचेवरून थेंब उतरताना आपण त्याच्यामागे बोट नेतो तसं. एका जागी बोट थांबलं. तिथे चारेक बोटं रुंदीत नक्षी चेंगरलेली होती. वळणं मोडलेली, शंकरपाळे चपटे, वीण जरा सैल आणि वेडीवाकडी. मी इतक्यांदा पाहिलेल्या त्या कापडात मला हे दिसलं नव्हतं. आईने चष्मा कपाळावर सरकवला, कापड डोळ्यांशी नेलं, आणि तिथेच नखाने हलकं खाजवल्यासारखं केलं.

“इथं काठी बसली नसेल बघ तिची,” ती म्हणाली. “दोन्हीकडून आलं ना जवळ. बोट घालायलाही जागा उरली नसेल. सुईनं ओढलंय हे, एकेक.”